दोन सायकली

माझ्याकडे दोन सायकली आहेत.
एक बेलापूरला, एक पेंधरला.
सात महिने झाले, दोघींची अजून गाठ नाही.

पहिली भावाची. हिरवी, बास्केट वाकडं,
डाव्या पेडलला कुरकूर. किती तेल घाला, जात नाही.
करावे तलावापासून ती कुरकूर माझ्या आधी निघते
आणि किल्ला जंक्शनचे कुत्रे
अंग झाडून उठतात.

दुसरी कळंबोलीच्या भंगारातली, आठशेला घेतली.
रंग कुठला ते सांगता येत नाही.
स्टेशनखाली खांबाला साखळीनं बांधलेली असते,
दावणीच्या म्हशीसारखी.
हिरामण घरत लक्ष ठेवतो.
महिन्याला शंभर, आणि दिवाळीत चकल्यांचा डबा.

किल्ल्या एकाच जुडग्यात.
लाल दोरावाली पेंधरची.
पहाटे दिवे नसले तरी बोटांना कळतं.

मधलं सगळं मेट्रोचं.
मी डाव्या खिडकीशी बसते,
खारघरच्या गच्च्यांवरच्या गोधड्या मोजते
आणि उतरते.
पुढं तळोज्याच्या एमआयडीसीत पाणी तपासायचं काम:
बाटलीवर लेबल, कुठून घेतलं, किती वाजता.
कासाडी, पुलाखाली, नऊ वीस.

त्या मंगळवारी बेलापूरच्या जिन्याला दोरी बांधलेली.
तांत्रिक कारण, असं वॉचमन म्हणाला,
जणू ते त्याच्या घरातलंच कारण होतं.
बस आली ती दारात लोंबकळणारी माणसं घेऊन,
थांबल्यासारखं करून गेली.
हिरवीला अजून कुलूप लावायचं होतं.

नाही लावलं.

खांबांना आकडे असतात हे मला माहीत नव्हतं.
वरून उत्सव चौक म्हणजे एक वळण,
खालून तो संपता संपत नाही,
चारही बाजूंनी रिक्षा आपापला हक्क सांगत येतात.
वरून जे सपाट होतं
तिथं चढ निघाला. मांड्यांनीच सांगितलं.
पेठपाड्यात कोंबड्यांनी रस्ता अडवला,
एका बाईनं दारातूनच विचारलं, कुठं गं एवढ्या उन्हात?
मी पेंधर म्हटलं. ती म्हणाली, मग मेट्रो आहे की!
पुढं ट्रेलर. त्यांची चाकं माझ्या खांद्याएवढी.
उजवीकडं बघायचं नाही एवढंच ठरवलं.
गोधड्या मात्र कुठंच दिसल्या नाहीत.
खालून गच्च्या नसतातच.

पेंधरला थांबायचं कारण नव्हतं,
हिरवीवरून सरळ कामावर जाता आलं असतं.
थांबले.
हिरामण म्हणाला, आज दोन? बहिणी का?
म्हटलं, जावा जावा. आजच तोंड बघतायत.
हँडलला हँडल लावून उभ्या केल्या.
एकीचं बास्केट दुसरीच्या ब्रेकच्या तारेत अडकलं,
सोडवत बसले नाही.
मग वाटलं, हिरवी दमली असेल,
आणि भंगारवालीवर बसून कामावर गेले,
रोजच्यासारखी.

हजेरीच्या वहीत उशिराच्या कारणाचा रकाना आहे.
लिहिलं: सायकलने आले.
तांडेल मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.
अहो, ते तर रोजच येता.

संध्याकाळी मेट्रो सुरू झालेली.
हिरवी घेऊन निघायचं तर अकरा किलोमीटर,
आणि तिला दिवा नाही.
हिरामणनं साखळीचा एक वेढा वाढवला,
म्हणाला, राहू दे रात्रभर.
दुसरीचे पैसे? म्हटलं, तर हसला नुसता.

बेलापूरला उतरल्यावर
हात जुडग्याकडं गेला, मग थांबला.
तिच्या जागेवर कुणाची तरी स्कूटर.
चालत निघाले. चालताना पिशवी किती जड असते!

किल्ला जंक्शनला कुत्रे झोपलेलेच.
एकानं फक्त मान उचलली,
माझ्या मागे रस्त्याकडं पाहिलं,
आणखी काहीतरी यायचं राहिलंय असं,
आणि परत ठेवली.